लघवीच्या तपासणीआधी नैराश्यावरची गोळी थांबवावी का?

पाऊलवाट

नमस्कार. गेले १४ महिने मी नैराश्यासाठी सर्ट्रालीन ५० मिलिग्रॅम घेते आहे. या गोळीने मला पुन्हा माणसांत आणले, हे आधीच सांगते, म्हणजे गोळीच्या बाजूने किंवा विरुद्ध वाद होणार नाही. आता नवी नोकरी मिळाली आहे आणि रुजू होण्यापूर्वीच्या वैद्यकीय तपासणीत लघवीची अमली पदार्थ चाचणीही आहे. तपासणीला आठ दिवस उरले आहेत.

माझे प्रश्न दोन आहेत. ही गोळी लघवीत सापडते का? आणि सापडत असेल, तर चार-पाच दिवस आधी ती बंद करावी का? मला गोळीची लाज वाटत नाही, पण माझ्या आजाराची बातमी माझ्याआधी कार्यालयात पोहोचू नये असे मनापासून वाटते. एका मैत्रिणीने सकाळपासून भरपूर पाणी पिऊन जाण्याचा सल्ला दिला आहे. ज्यांना अनुभव किंवा माहिती आहे त्यांनी कृपया लिहावे.

रानवारा

गोळी थांबवू नका. मी थांबवली होती, त्याबद्दल रात्री सविस्तर लिहितो, पण तोपर्यंत तुम्ही काही ठरवून टाकू नका.

सूक्ष्मदर्शी

मी १७ वर्षे प्रयोगशाळेत काम करतो आहे आणि अशा चाचण्या हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

नोकरीपूर्वीच्या नेहमीच्या चाचणीत पाच गट शोधले जातात: अ‍ॅम्फेटामीन, गांजातील घटक, कोकेन, अफूजन्य पदार्थ आणि फेन्सायक्लिडीन (भास घडवणारे एक अमली द्रव्य). काही ठिकाणी पॅनेल मोठे असते आणि त्यात बेन्झोडायझेपिन, म्हणजे डायझेपाम, अल्प्राझोलाम यांच्या जातीची झोपेची व चिंतेची औषधे, तसेच बार्बिट्युरेट, मेथाडोन वगैरे येतात. सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटिन, एस्सिटालोप्राम ही औषधे यांपैकी कुठल्याही यादीत नसतात. चाचणी घेणारा ती शोधतच नाही.

अपवाद एकच आहे. अमिट्रिप्टिलीन, इमिप्रामीन, नॉरट्रिप्टिलीन अशा नैराश्यावरच्या जुन्या, ट्रायसायक्लिक म्हणवल्या जाणाऱ्या औषधांचा गट काही मोठ्या पॅनेलमध्ये असतो. त्यांची नशा होते म्हणून तो ठेवलेला नाही. ही औषधे जास्त प्रमाणात पोटात गेली तर हृदयाच्या ठोक्यांत जीवघेणा बिघाड होऊ शकतो, आणि आपत्कालीन विभागात बेशुद्ध रुग्णाने नेमके काय घेतले याचा अंदाज लवकर यावा म्हणून तो गट आला. तिथेही अनुभवी डॉक्टर लघवीच्या निकालासाठी थांबत नाहीत. ते ईसीजी काढून त्यातल्या क्यूआरएस या लहरीची रुंदी १०० मिलिसेकंदांच्या वर गेली आहे का ते पाहतात आणि त्यावरून सोडियम बायकार्बोनेट देण्याचा निर्णय घेतात.

जुई_स

सूक्ष्मदर्शीदादा, तुम्ही म्हणता ते खरे असेल, पण माझ्या भावाच्या बाबतीत वेगळे घडले. तोही सर्ट्रालीनच घेत होता. लघवीची चाचणी दिल्यावर पाच दिवसांनी निरोप आला की बेन्झोडायझेपिन पॉझिटिव्ह आहे. त्याने आयुष्यात झोपेची गोळी घेतलेली नाही. आईने त्या रात्री त्याच्या खोलीतला प्रत्येक खण उघडून पाहिला, आणि ते त्याला आजही विसरता आलेले नाही. औषध यादीत नाही, मग निकाल असा कसा आला?

सूक्ष्मदर्शी

जुईताई, तुम्ही अगदी वर्मावर बोट ठेवले आहे आणि हे मी आधीच लिहायला हवे होते.

पहिल्या फेरीची चाचणी इम्युनोअसे पद्धतीची असते. तिच्यात प्रतिपिंडे वापरतात, आणि प्रतिपिंड रेणूला त्याच्या आकाराच्या एखाद्या कोपऱ्यावरून ओळखते, पूर्ण रेणूवरून नाही. दुसऱ्याच औषधाचा किंवा त्याच्या विघटनातून तयार झालेल्या घटकाचा एखादा कोपरा तसाच असला, तर प्रतिपिंड त्यालाही चिकटते. सर्ट्रालीनच्या बाबतीत हे इतके परिचित आहे की औषधासोबतच्या अधिकृत माहितीपत्रकातच त्याची नोंद आहे: सर्ट्रालीन घेणाऱ्यांत बेन्झोडायझेपिनचा खोटा पॉझिटिव्ह निकाल आल्याचे आढळले आहे, आणि औषध बंद केल्यानंतरही काही दिवस तसा निकाल येऊ शकतो.

यावर उपाय म्हणजे दुसऱ्या फेरीची, खात्री करणारी चाचणी. वायू किंवा द्रव क्रोमॅटोग्राफीने लघवीतले घटक वेगळे करतात आणि मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये रेणू फोडून त्याच्या तुकड्यांचे वजन मोजतात. सर्ट्रालीनचे रेणुभार सुमारे ३०६ आणि डायझेपामचे सुमारे २८५. तुकडेही निराळे पडतात, त्यामुळे इथे गोंधळ होत नाही. पहिल्या फेरीचा निकाल म्हणजे संशय, तो शाबीत झालेला आरोप नव्हे. तुमच्या भावाला ज्यांनी दुसरी फेरी न करता निरोप दिला, त्यांनी चुकीचे केले असे मी स्पष्टपणे म्हणेन.

वसुमती

मी औषधनिर्माणशास्त्र शिकवते. नैराश्यावरच्या औषधांत असे करणारे सर्ट्रालीन एकटे नाही. ब्युप्रोपियॉनमुळे अ‍ॅम्फेटामीनचा खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो. ट्रॅझोडोनच्या विघटनातून तयार होणाऱ्या एका घटकामुळेही तसेच होते. व्हेन्लाफॅक्सिन आणि डेसव्हेन्लाफॅक्सिन यांच्यामुळे फेन्सायक्लिडीनचा संशय येतो. ट्रायसायक्लिकच्या रकान्यात तर उलट गंमत आहे: तिथे फिट्सवरचे कार्बामाझेपिन, मानसिक आजारांवरचे क्वेटियापिन, सर्दी-अ‍ॅलर्जीवरचे डायफेनहायड्रामीन, स्नायू सैल करणारे सायक्लोबेन्झाप्रिन अशी औषधे पॉझिटिव्ह देऊ शकतात. सायक्लोबेन्झाप्रिनची रचना अमिट्रिप्टिलीनच्या इतकी जवळची आहे की कागदावर दोन्ही आकृत्या शेजारी काढल्या तर विद्यार्थ्यांना फरक शोधावा लागतो.

आणखी एक बाजू लक्षात घ्यावी. बेन्झोडायझेपिनच्या कित्येक चाचण्या ऑक्साझेपाम किंवा नॉरडायझेपाम हे घटक धरून बेतलेल्या असतात. याच गटातली क्लोनाझेपाम आणि लोराझेपाम त्यांना नीट दिसत नाहीत. म्हणजे रोज क्लोनाझेपाम घेणारा निगेटिव्ह आणि फक्त सर्ट्रालीन घेणारा पॉझिटिव्ह, असे एकाच दिवशी एकाच प्रयोगशाळेत घडू शकते.

पाऊलवाट, तुम्हाला सुरुवातीला सोबत क्लोनाझेपाम दिले होते का? नैराश्यावरची गोळी लागू पडेपर्यंतच्या काही आठवड्यांसाठी ते बरेचदा देतात. ते आताही सुरू असेल तर सगळा विचार वेगळा करावा लागेल.

पाऊलवाट

वसुमतीताई, पहिले १५ दिवस रात्री अर्धी गोळी होती. त्याला वर्ष होऊन गेले, त्यानंतर घेतलेली नाही. सर्वांचे मनापासून आभार. खरे सांगायचे तर हे वाचून भीती वाढली आहे. गोळी यादीत नाही तरी मी संशयात येणार, मग चार दिवस बंद करणे जास्त शहाणपणाचे नाही का?

रानवारा

आता सविस्तर लिहितो. तीन वर्षांपूर्वी मी व्हेन्लाफॅक्सिन १५० मिलिग्रॅम घेत होतो आणि तुमच्यासारखाच विचार करून तपासणीच्या तीन दिवस आधी ते परस्पर बंद केले. पहिल्या दिवशी काही जाणवले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी जिना उतरताना मान वळवली आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे झाले. नुसते डोळे फिरवले तरी तो झटका येत होता आणि ओठांपर्यंत मुंग्या येत होत्या. तिसऱ्या दिवशी मळमळ, घाम आणि विनाकारण रडू. तपासणीच्या टेबलावर हात थरथरत होता, रक्तदाब वाढलेला होता, आणि तिथल्या परिचारिकेने अतिशय मायेने विचारले, "तुम्ही काही घेता का?" जे लपवायचे होते तेच माझ्या अंगाने सांगून टाकले. पुढे तीन आठवडे मी सावरू शकलो नाही. पाऊलवाट, नोकरी पुन्हा मिळते. १४ महिन्यांत तुम्ही जे कमावले आहे ते चार दिवसांसाठी पणाला लावू नका.

वसुमती

रानवारा यांनी लिहिले ते वर्णन औषध अचानक तोडल्यावरच्या त्रासाचे आहे, आणि व्हेन्लाफॅक्सिन व पॅरॉक्सेटिन यांच्या बाबतीत तो विशेष तीव्र असतो, कारण ही औषधे रक्तातून लवकर उतरतात.

आता चार दिवसांचा हिशेब करू. सर्ट्रालीनचे अर्धायुष्य सुमारे २६ तास, पण त्यापासून शरीरात तयार होणारे डेसमिथाइलसर्ट्रालीन ६२ ते १०४ तासांनी निम्मे होते. चार दिवस म्हणजे ९६ तास. म्हणजे मूळ औषध बारा-तेरा भागांत एक एवढे उरेल, पण हा दुसरा घटक एक तृतीयांश ते निम्मा शिल्लक असेल. फ्लुओक्सेटिनचे तर विचारूच नका, त्याचा नॉरफ्लुओक्सेटिन हा घटक आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. म्हणजे चार दिवसांनी त्रास पदरात पडेल आणि संशय मात्र तसाच राहील.

तळटीप

पाण्याच्या सल्ल्याबद्दल कोणी बोलले नाही म्हणून लिहितो. नमुना हातात आल्याबरोबर त्याचे तापमान पाहतात. चार मिनिटांच्या आत ते साधारण ३२ ते ३८ अंश सेल्सिअसमध्ये असावे लागते. मग क्रिएटिनिन (लघवीतून नेहमी बाहेर पडणारा घटक) आणि विशिष्ट गुरुत्व, म्हणजे लघवीचा दाटपणा, पाहतात. क्रिएटिनिन डेसिलिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली आले की नमुना पातळ समजतात आणि बहुधा पुन्हा बोलावतात. नेहमीइतके पाणी प्या. जे मुळात लपवायचे नाही ते लपवल्यासारखे दिसेल असे काही करू नका.

चंद्रभागा_न

धागा वाचून मी हादरले, कारण मी घरी स्ट्रिप आणून स्वतःची तपासणी केली आहे. अमिट्रिप्टिलीन २५ मिलिग्रॅम अर्धशिशीसाठी घेते. स्ट्रिपवर प्रत्येक रकान्यात दोन-दोन गुलाबी रेघा आल्या. सगळेच पॉझिटिव्ह कसे असेल? दोन दिवस मला झोप नाही.

सूक्ष्मदर्शी

चंद्रभागाताई, निश्चिंत राहा. या पट्टीची रीत गरोदरपणाच्या चाचणीच्या उलट असते. इथे पट्टीवर चिकटवलेले औषध आणि लघवीतले औषध प्रतिपिंडासाठी स्पर्धा करतात. लघवीत औषध नसेल तर प्रतिपिंड पट्टीवर अडकते आणि रेघ उमटते. लघवीत औषध भरपूर असेल तर प्रतिपिंड आधीच गुंतलेले असते आणि रेघ उमटत नाही. म्हणून रेघ दिसली की निगेटिव्ह, नाही दिसली की पॉझिटिव्ह. अगदी पुसट रेघसुद्धा निगेटिव्हच धरतात. वरची नियंत्रण रेघ मात्र यायलाच हवी, नाहीतर पट्टी बाद.

तुम्ही अमिट्रिप्टिलीन घेत असूनही त्या रकान्यात रेघ आली, याचेही नवल नाही. या गटाची मर्यादा बऱ्याच पट्ट्यांत मिलिलिटरला १००० नॅनोग्रॅम एवढी वर ठेवलेली असते आणि कमी मात्रेत तेवढे लघवीत येतेच असे नाही.

चंद्रभागा_न

डोळ्यांत पाणी आले. खूप आभारी आहे.

नीरजा_मो

मी थोडा वेगळा मुद्दा मांडते. इतका सगळा खटाटोप कशासाठी? सरळ सांगून टाकावे की मी सर्ट्रालीन घेते. आपणच कुजबुजत राहिलो तर हा आजार लपवण्याचाच राहील. मी माझ्या वरिष्ठांना पहिल्याच दिवशी सांगितले आणि मला चांगला अनुभव आला.

जुई_स

नीरजाताई, तुमच्या धैर्याबद्दल आदर आहे, पण सगळ्यांना तुमच्यासारखे वरिष्ठ मिळत नाहीत. माझ्या भावाने सांगितले तेव्हा समोरच्या व्यक्तीने खुर्ची दोन इंच मागे सरकवली. सांगणे हा ज्याचा त्याचा निर्णय असावा. दुसऱ्याने काढून घेतलेली माहिती आणि आपण दिलेली माहिती यांत फरक आहे.

वसुमती

दोघींचेही म्हणणे मला पटते, पण या दोन वेगळ्या खोल्या आहेत. तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना सांगणे ही एक गोष्ट आणि वरिष्ठांना सांगणे ही दुसरी. पहिल्यांना औषधांची यादी द्यावीच, कारण तिच्याशिवाय निकालाचा अर्थ त्यांना लावता येत नाही. वरिष्ठांना सांगायचे की नाही हे पाऊलवाट यांनी ठरवावे.

आणि औषधावरून आजार ओळखता येतो हा समजही चुकीचा आहे. चंद्रभागाताई अमिट्रिप्टिलीन अर्धशिशीसाठी घेतात. ड्युलोक्सेटिन मधुमेहातल्या मज्जातंतूंच्या वेदनांसाठी देतात. ब्युप्रोपियॉन धूम्रपान सोडण्यासाठीही देतात.

मैदानी

मी खेळाडूंना प्रशिक्षण देतो. आमच्याकडे हीच भीती वारंवार दिसते, म्हणून एवढेच सांगतो की जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत नेहमीची नैराश्यावरची औषधे नाहीत. ब्युप्रोपियॉनवर ती संस्था लक्ष ठेवते, पण त्यावर बंदी नाही. एका मुलीने या भीतीने औषध सुरूच केले नव्हते आणि पूर्ण हंगाम अंधारात काढला. तिला हे आधी कोणी सांगायला हवे होते.

कृष्णमेघ

थोडे बाजूला जातो. माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. त्यांना एस्सिटालोप्राम सुरू केल्यावर तिसऱ्या आठवड्यात तोल जाऊ लागला आणि बोलण्यात गोंधळ येऊ लागला. डॉक्टरांनी रक्तासोबत लघवीही तपासायला सांगितली. आम्हाला वाटले, औषध घेतात की नाही हे पाहत असावेत. हे कशासाठी असते?

वसुमती

कृष्णमेघ, ते सोडियमसाठी. या औषधांमुळे, विशेषतः वयस्कर माणसांत, शरीर गरजेपेक्षा जास्त पाणी धरून ठेवते आणि रक्तातले सोडियम उतरते. अशा वेळी रक्त पातळ असूनही लघवी मात्र दाट राहते आणि तिच्यात सोडियम जाते. लघवीची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे तिच्यात विरघळलेल्या कणांचे प्रमाण, १०० च्या वर आणि सोडियम ३० च्या वर दिसले की डॉक्टरांचा संशय औषधाकडे वळतो. ती तपासणी अगदी योग्य होती. उपचारांबद्दल त्यांच्याशीच बोला, पण तोल जाणे आणि गोंधळ या तक्रारी पुन्हा दिसल्या तर थांबू नका.

कृष्णमेघ

आभारी आहे. सोडियम १२१ होते. आता १३६ आहे आणि औषध बदलले आहे.

अबोली_प

मला एका ठिकाणी लघवीतले सेरोटोनिन मोजून "तुम्हाला कोणते औषध लागू पडेल" हे सांगणारी चाचणी सुचवली आहे. कोणी केली आहे का?

सूक्ष्मदर्शी

अबोलीताई, कृपया पैसे घालवू नका. शरीरातले ९० टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यात तयार होते आणि ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. लघवीतल्या आकड्यावरून मेंदूत काय चालले आहे ते कळत नाही, मग औषध कसे निवडणार? सेरोटोनिनचा विघटन घटक २४ तासांच्या लघवीत मोजतात हे खरे, पण तो कार्सिनॉइड नावाच्या गाठीच्या शोधासाठी. औषधाची मात्रा ठरवण्यासाठीही लघवी उपयोगी नाही, कारण तुम्ही किती पाणी प्यायलात आणि लघवी किती आम्लधर्मी आहे यावर तिच्यातले प्रमाण बदलते. त्यासाठी रक्तच लागते. नॉरट्रिप्टिलीनसाठी रक्तातली मिलिलिटरला ५० ते १५० नॅनोग्रॅम ही मर्यादा त्यामुळेच वापरतात.

पाऊलवाट

सगळ्यांना नमस्कार. उशिरा लिहिते आहे, क्षमस्व. तपासणी होऊन गेली.

मी गोळी एकही दिवस थांबवली नाही. डॉक्टरांची चिठ्ठी आणि गोळ्यांची पट्टी सोबत नेली. नमुना देण्यापूर्वी तिथल्या डॉक्टरांना दार लोटून घेऊन सांगितले की मी सर्ट्रालीन घेते आणि त्यामुळे बेन्झोडायझेपिनचा खोटा निकाल येऊ शकतो, तसा आला तर कृपया खात्रीची चाचणी करावी. त्यांनी शांतपणे ते कागदावर लिहून घेतले. बाटलीवरचे सील माझ्यासमोर लावले आणि त्यावर माझी सही घेतली.

आणि निकाल तसाच आला. पहिल्या फेरीत बेन्झोडायझेपिनसमोर खूण. जुईताईंनी लिहिले नसते तर मी त्या क्षणी कोसळले असते. चार दिवसांनी दुसऱ्या फेरीचा अहवाल आला आणि डॉक्टरांनी कार्यालयाला फक्त "निगेटिव्ह, कामासाठी पात्र" एवढेच कळवले. औषधाचे नाव त्या कागदावर नाही. मी सोमवारी रुजू झाले.

जुई_स

पाऊलवाट, तुमचा प्रतिसाद मी आईला मोठ्याने वाचून दाखवला. भावाचा तो जुना नमुना तर केव्हाच गेला, पण त्याला पुन्हा तपासणीची वेळ आली तर काय सांगायचे ते आता माहीत आहे. आई आत्ता त्याच्या खोलीत गेली आहे.

सूक्ष्मदर्शी

फार बरे वाटले. एक विनंती आहे. दुसऱ्या फेरीच्या अहवालाची प्रत मागून घ्या. त्यावर चाचणीची पद्धत, नमुन्याचा क्रमांक आणि तारीख असल्याची खात्री करा आणि तो कागद सर्ट्रालीनच्या चिठ्ठीसोबत ठेवा. पुढच्या वर्षी पुन्हा बोलावले तर तो लागेल.

पाऊलवाट

उद्याच मागते, दादा.